गावच्या संघाची शिडी : वेल्स ते गोवा

वडसा (देसाईगंज) : दिवाळी सरली की झाडीपट्टीत शंकरपट आणि रात्रीच्या नाटकांचा हंगाम उभा राहतो. नाटक आणायचे ते गावच्या मंडळाने, वर्गणी आणि मंडप पाहायचा तो मंडळाने, नफ्या-तोट्याचा धनीही मंडळच. ठरावाची बोलणी करण्यासाठी मात्र वडशाला यावे लागते, कारण झाडीपट्टीतील अनेक नाट्यकंपन्यांची कार्यालये या गावात आहेत. शहरी वाचकाला ‘क्लब’ म्हटले की सभासदत्वाचे शुल्क, पोहण्याचा तलाव आणि संध्याकाळचा पत्त्यांचा डाव आठवतो. फुटबॉलच्या जगात हा शब्द ज्या संस्थेसाठी रूढ झाला, ती झाडीपट्टीतील गावमंडळाच्या अधिक जवळची आहे. गावाचे नाव, गावाची वर्गणी, गावाचे मैदान आणि गावाची अब्रू, एवढ्यावर ती उभी असते.

फरक एकच, पण तो मोठा आहे. आपल्याकडे गावच्या मंडळाने एखादी खुली स्पर्धा जिंकली, ढाल पटकावली, रोख बक्षीस घेतले की विषय तेथेच संपतो. पुढच्या वर्षी पुन्हा तीच स्पर्धा, तीच ढाल. ज्या देशांत फुटबॉल मुरला आहे, तेथे गावच्या संघाचा विजय हे वरच्या पायरीचे तिकीट असते. तालुक्यातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून प्रांतात, प्रांतातून देशाच्या अव्वल श्रेणीत आणि तेथून परदेशात. फुटबॉलच्या परिभाषेत या रचनेला पिरॅमिड म्हणतात. मराठीत तिला शिडी म्हटले तर ती लवकर समजेल.

या शिडीचा पाया साखळी पद्धतीत आहे. बाद पद्धतीच्या स्पर्धेत दुबळा संघ पहिल्या दिवशी हरतो आणि घरी परततो. त्याचा हंगाम नव्वद मिनिटांत आटोपतो. लीगमध्ये मात्र प्रत्येक संघ प्रत्येकाशी, शक्यतो एकदा स्वतःच्या आणि एकदा प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर खेळतो. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. हंगामाच्या शेवटी वरचे एक-दोन संघ वरच्या श्रेणीत चढतात आणि तळाचे उतरतात. बढती आणि पदावनती या दोन शब्दांतच लीगचा सारा प्राण आहे. तळाच्या संघालाही अखेरच्या सामन्यापर्यंत झगडावे लागते आणि गावालाही मैदानावर येण्याचे कारण उरते.

जुन्या चांदा जिल्ह्याएवढा देश

लहान लोकसंख्येच्या प्रदेशाने स्वतःची शिडी कशी उभारली, हे पाहायचे तर ब्रिटनच्या पश्चिमेकडील वेल्सकडे पाहावे लागते. वेल्सचे क्षेत्रफळ सुमारे २० हजार ८०० चौरस किलोमीटर. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झाला; हे दोन जिल्हे पुन्हा एकत्र केले तर ते वेल्सहून मोठे भरतील. २०११ च्या जनगणनेत या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या सुमारे ३२ लाख ७७ हजार होती. त्याच वर्षी वेल्सची ३० लाख ६० हजारांच्या घरात. थोडक्यात, वेल्स म्हणजे माणसांच्या हिशेबाने जुना चांदा जिल्हाच. या देशाने २०१६ मध्ये युरो स्पर्धेची उपांत्य फेरी गाठली आणि २०२२ मध्ये ६४ वर्षांनंतर विश्वचषकात पाऊल ठेवले.

वेल्सची फुटबॉल संघटना १८७६ मध्ये रेक्सहॅम येथे स्थापन झाली. इंग्लंड आणि स्कॉटलंडनंतर जगातील ही तिसरी जुनी संघटना. राष्ट्रीय चषक १८७७-७८ पासून खेळला जाऊ लागला. गंमत अशी की, स्वतःचा संघ आणि स्वतःचा चषक असलेल्या या देशाला स्वतःची राष्ट्रीय लीग मात्र ११६ वर्षे नव्हती. कार्डिफ, स्वान्सी, रेक्सहॅम, न्यूपोर्ट हे मोठे क्लब इंग्लंडच्या लीगमध्ये खेळत. रेल्वे आणि रस्ते पूर्वेकडे, म्हणजे इंग्लंडकडे धावत होते. उत्तर वेल्सच्या संघाला दक्षिण वेल्सपेक्षा लिव्हरपूल जवळचे. कार्डिफने तर १९२७ मध्ये आर्सेनलला १-० असे हरवून इंग्लंडचा एफए कप वेल्समध्ये आणला.

१९९० च्या सुमारास अडचण उभी राहिली. ब्रिटनला ऑलिंपिकमध्ये एक संघ आणि फुटबॉलमध्ये चार संघ कसे, असा सवाल फिफाच्या वर्तुळात विचारला जाऊ लागला. ज्या देशाला स्वतःची लीग नाही तो वेगळा देश कसा, या प्रश्नाला वेल्सकडे उत्तर नव्हते. संघटनेचे तत्कालीन सचिव अ‍ॅलन इव्हान्स यांनी पुढाकार घेतला आणि १९९२ मध्ये २० संघांची ‘लीग ऑफ वेल्स’ सुरू झाली. पहिला विजेता ठरला क्मब्रान टाउन.

इंग्लंडच्या व्यावसायिक लीगमधील मोठ्या क्लबांना संघटनेने हात लावला नाही. पण त्याखालच्या इंग्लिश श्रेणींत खेळणाऱ्या आठ वेल्श क्लबांना परत बोलावले गेले आणि ते बिथरले. बँगर सिटी, बॅरी टाउन, कायर्नारफॉन, कॉल्विन बे, मर्थर, न्यूपोर्ट, न्यूटाउन आणि ऱ्हिल हे ते आठ. काही लवकर परतले, काहींनी सीमेपलीकडे इंग्लिश मैदाने भाड्याने घेऊन वनवास पत्करला. कायर्नारफॉन, कॉल्विन बे आणि न्यूपोर्ट न्यायालयात गेले आणि १९९५ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. स्वतःच्या गावात राहून शेजारच्या देशाच्या लीगमध्ये खेळण्याचा हक्क त्यांना मिळाला. मजेची बाब म्हणजे खटला जिंकूनही कायर्नारफॉनने त्याच वर्षी वेल्सच्या लीगचा रस्ता धरला. तो शहाणपणाचा होता की नाही, याचे उत्तर मिळायला २०२४ साल उजाडावे लागले. त्या उन्हाळ्यात या सुमारे दहा हजार वस्तीच्या गावाचा संघ प्रथमच युरोपीय स्पर्धेत उतरला, उत्तर आयर्लंडच्या क्रुसेडर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवले आणि पुढच्या फेरीत पोलंडच्या लेगिया वॉर्साकडून दोन सामन्यांत ११ गोल खाल्ले. कायर्नारफॉनमध्ये त्या ११ गोलांचे दुःख फारसे कोणाला झाले असेल, असे वाटत नाही.

आजची वेल्श शिडी अशी आहे. सर्वांत वर ‘कम्री प्रीमियर’ (वेल्श भाषेत वेल्सला कम्री म्हणतात, २०१९ मध्ये हे नाव लीगला मिळाले). २०१० पासून या श्रेणीत १२ संघ खेळत आले. २०२६-२७ पासून ते १६ करण्याचा निर्णय झाला. त्याखाली उत्तर आणि दक्षिण अशा दोन लीग, त्याखाली ‘आर्दल’ म्हणजे विभाग या नावाच्या चार लीग आणि त्याखाली स्थानिक संघटनांच्या श्रेणी. चढण्यासाठी केवळ गुण पुरत नाहीत. प्रकाशझोत, कपडे बदलण्याच्या खोल्या, प्रेक्षकांसाठी आसने आणि जमाखर्चाचे परीक्षित पत्रक असेल तरच वरच्या श्रेणीचा परवाना मिळतो. बँगर सिटीसारखा नामांकित क्लब १९८५ मध्ये युरोपीय स्पर्धेत अ‍ॅटलेटिको माद्रिदशी खेळला होता. त्याच क्लबला २०१८ मध्ये परवाना नाकारून खाली उतरवण्यात आले. चाहत्यांनी रडत न बसता २०१९ मध्ये ‘बँगर १८७६’ हा नवा क्लब काढला आणि तळाच्या पायरीपासून पुन्हा चढण्यास सुरुवात केली. बॅरी टाउनची गोष्टही अशीच. २००१ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत पोर्टोला घरच्या मैदानावर ३-१ असे हरवणारा हा संघ दोन वर्षांत कर्जात बुडाला. पुढे मालकाने हात झटकले, संघटनेने दार लावले, तेव्हा २०१३ मध्ये चाहत्यांनी न्यायालयातून जागा मिळवली आणि २०१७ मध्ये संघ पुन्हा अव्वल श्रेणीत आला. शिडी शाबूत असली की पडलेल्यालाही तिचा उपयोग होतो, तो असा.

वेल्श शिडीचे सर्वांत टोकाचे उदाहरण लानसानफ्राइड या खेड्याचे आहे. वस्ती जेमतेम दीड हजारांच्या आतबाहेर. या गावाच्या संघाने १९९६ मध्ये वेल्श चषक जिंकला आणि कप विनर्स कप स्पर्धेत पोलंडच्या रुख खोझूफला पहिल्या सामन्यात १-१ असे रोखले. पुढे एका संगणक कंपनीने पैसे दिले आणि क्लबचे नावच ‘टोटल नेटवर्क सोल्युशन्स’ झाले. २००३ मध्ये सीमेपलीकडील ऑझवेस्ट्रीच्या क्लबशी विलीनीकरण झाले आणि कंपनी विकली गेल्यावर २००६ मध्ये ‘द न्यू सेंट्स’ हे नाव आले. आज हा क्लब चक्क इंग्लंडच्या हद्दीतील मैदानावर खेळतो आणि वेल्सचे विजेतेपद जवळजवळ दरवर्षी नेतो. २०१६ मध्ये सलग २७ सामने जिंकून त्याने आयाक्सचा १९७२ चा जागतिक विक्रम मोडला. २०२४-२५ मध्ये युरोपीय स्पर्धेच्या मुख्य टप्प्यात पोहोचणारा तो वेल्श लीगमधील पहिला क्लब ठरला. कीर्ती वाढली, पण लानसानफ्राइड हे नाव मात्र पाटीवरून गेले. शिडी चढताना गाव मागे राहू शकते, हेही वेल्सनेच दाखवले आहे.

शिवोलीपासून राष्ट्रीय विजेतेपदापर्यंत

भारतात वेल्सशी तुलना करता येईल असा प्रदेश गोवा. क्षेत्रफळ ३ हजार ७०२ चौरस किलोमीटर, २०११ ची लोकसंख्या साडेचौदा लाख, म्हणजे गडचिरोली जिल्ह्याहून अधिक. येथेही मोठ्या शेजाऱ्यापेक्षा वेगळी भाषा, वेगळा इतिहास आणि गावोगाव चर्च किंवा देवळाजवळचे मैदान. विलियम लायन्स या धर्मगुरूने १८८३ मध्ये शिवोली येथे मुलांना फुटबॉल शिकवला, तेथून गोव्याच्या फुटबॉलचा इतिहास मोजला जातो. पोर्तुगीज राजवटीतच, १९५१ मध्ये लीग सुरू झाली आणि १९५९ च्या डिसेंबरात गोवा फुटबॉल संघटना स्थापन झाली. म्हणजे गोवा मुक्त होण्याच्या दोन वर्षे आधी. पूर्वी गोव्याचा गुणी खेळाडू मुंबईला जात असे. मेलबर्न ऑलिंपिकमध्ये १९५६ साली ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा हे मूळचे आसगावचे, पण खेळले ते मुंबईत टाटांच्या संघाकडून.

हे चित्र खाणींच्या पैशाने बदलले. लोहखनिजाचा व्यापार करणाऱ्या घराण्यांनी क्लब पोसले. साळगावकर क्लब १९५६ चा. धेंपो घराण्याने १९६० च्या दशकात डिचोलीचा क्लब हाती घेऊन आपले नाव दिले. वास्को स्पोर्ट्स क्लब १९५१ चा, तर वार्का गावातून १९८८ मध्ये चर्चिल ब्रदर्स उभा राहिला. या बड्या नावांखाली खरी घनदाट रचना होती ती गावांची. कुंकळ्ळी युनियन, कळंगुट असोसिएशन, कुडचड्याचा गार्डियन एंजल, वेळसांवचा क्लब, कुडतरी जिमखाना, पॅक्स ऑफ नागोवा, पणजी फुटबॉलर्स ही नावे राष्ट्रीय पातळीवर कोणी ऐकली नसतील. गोव्यात मात्र त्यांच्या सामन्यावरून गावच्या तिठ्यावर संध्याकाळी वाद होतात. वर प्रो लीग (१९९८ पासून), त्याखाली पहिली, दुसरी आणि विभागवार खेळली जाणारी तिसरी श्रेणी, अशी चार पायऱ्यांची ही शिडी. वेल्सइतकीच लांब.

या शिडीचे फळ आधी संतोष करंडकात दिसले. ब्रह्मानंद शंखवाळकर यांच्यासारखा गोलरक्षक लाभलेल्या गोव्याने १९८२-८३ मध्ये बंगालबरोबर संयुक्त आणि पुढच्याच वर्षी एकट्याने हे अजिंक्यपद मिळवले. १९८९ मध्ये मडगावजवळ फातोर्ड्याचे स्टेडियम झाले. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाल्यावर तर गोव्याने कमाल केली. १९९८-९९ मध्ये साळगावकर, २००४-०५ मध्ये धेंपो. आणि २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात वर्षे राष्ट्रीय विजेतेपद गोव्याबाहेर गेलेच नाही. धेंपोने त्यांतील चार, चर्चिल ब्रदर्सने दोन आणि साळगावकरने एक पटकावले. २००८ मध्ये धेंपोने एएफसी कपची उपांत्य फेरीही गाठली. देशाच्या लोकसंख्येत पाव टक्काही वाटा नसलेल्या राज्याचे चार क्लब २०१२-१३ मध्ये १४ संघांच्या आय-लीगमध्ये होते. कोलकात्याच्या वाचकांना हे सहजी पचले नसेल, पण आकडे बोलतात.

शिडी मोडली ती वरून

पहिला तडाखा सप्टेंबर २०१२ मध्ये बसला. खाणी बंद झाल्या आणि क्लबांची तिजोरी आटू लागली. दुसरा तडाखा अधिक खोल होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये आठ संघांची इंडियन सुपर लीग (आयएसएल) सुरू झाली. हे क्लब कोणत्याही शिडीवरून चढून आलेले नव्हते. शहराचे नाव बोली लावून घ्यायचे आणि संघ उभा करायचा, अशी ही क्रिकेटच्या आयपीएलच्या वळणाची योजना होती. प्रवेश पैशाने, आणि एकदा आत आले की खाली उतरण्याची भीती नाही. गोव्याच्या वाट्यालाही एफसी गोवा हा संघ आला. सुरुवातीला धेंपो आणि साळगावकर या आडनावांचे उद्योजकच त्याच्या भागीदारांत होते, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

पुढची वाटचाल ठरल्यासारखी झाली. आयएसएल ही पहिली आणि आय-लीग ही दुसरी श्रेणी होणार, आणि दोहोंमध्ये चढ-उतार नसणार, असा आराखडा राष्ट्रीय महासंघाने २०१६ मध्ये मांडला. म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरूनही वर जाता येणार नव्हते. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी त्याच वर्षी आय-लीगमधून अंग काढून घेतले. धेंपोचा निर्णय सर्वांत बोलका. हा संघ २०१५ मध्ये खाली उतरला होता, २०१५-१६ मध्ये दुसऱ्या श्रेणीचा विजेता होऊन नियमाने वर चढला आणि वर चढताच बाहेर पडला. पाच वेळचा राष्ट्रीय विजेता गोव्याच्या स्थानिक लीगपुरता उरला. एकटा चर्चिल ब्रदर्स राष्ट्रीय पातळीवर टिकून राहिला.

एफसी गोवाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. या संघाने फातोर्डा भरवले, २०१९-२० मध्ये आयएसएलच्या साखळीत अव्वल स्थान मिळवले आणि २०२१ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळवला. त्याचा राखीव संघ गोव्याच्या प्रो लीगमध्ये उतरतो, हेही खरे. पण कुंकळ्ळीचा संघ कितीही खेळला तरी एफसी गोवा होऊ शकत नव्हता. त्याचा एखादा गुणी मुलगा तेवढा वर जाऊ शकत होता, क्लब नाही. वेल्समध्ये कायर्नारफॉनला ३० वर्षे वाट पाहावी लागली, पण वाट होती.

आशियाई संघटनेच्या दडपणाने २०१९ मध्ये क्वालालंपूर येथे नवा आराखडा ठरला आणि २०२२-२३ पासून आय-लीगच्या विजेत्याला आयएसएलचे दार किलकिले झाले. २०२३ मध्ये पंजाबचा आणि २०२४ मध्ये मोहमेडन स्पोर्टिंगचा संघ त्या दारातून वर गेला. उतरण्याचा नियम मात्र कागदावर राहिला. २०२४-२५ च्या हंगामापर्यंत गुणांच्या आधारे आयएसएलमधून एकही संघ खाली आला नव्हता. एका बाजूनेच पायऱ्या असलेली ही शिडी.

तिचा अनुभव २०२५ मध्ये वार्का गावाने घेतला. आय-लीगचा हंगाम संपला तेव्हा चर्चिल ब्रदर्स गुणतक्त्यात पहिला होता आणि महासंघाने त्यालाच विजेता घोषित केले. पण अपात्र खेळाडूंच्या नोंदणीवरून तक्रारी आणि प्रतितक्रारी चालू होत्या. प्रकरण स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवादाकडे गेले आणि जुलैमध्ये निकाल फिरला. विजेतेपद आणि त्याबरोबरचा वरचा प्रवेश इंटर काशी या संघाला मिळाला. हा क्लब २०२३ मध्ये वाराणसीच्या नावाने स्थापन झाला आणि पहिले दोन हंगाम आपले घरचे सामने तो पश्चिम बंगालमधील कल्याणी येथे खेळला. नियमांच्या कसोटीवर लवादाचा निर्णय योग्यच असेल. पण ३७ वर्षांचा गावचा क्लब खाली आणि ज्याच्या शहराने त्याचा घरचा सामना पाहिलेला नाही तो क्लब वर, हे चित्र गोव्यातील फुटबॉलप्रेमींना झोंबले नसते तरच नवल.

महाराष्ट्राकडे काय आहे?

शिडीच्या प्रश्नात महाराष्ट्राची अवस्था गोव्याहून विचित्र आहे. येथे वरचे मजले अनेकदा बांधले गेले, जिना मात्र राहून गेला. २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता महिंद्र युनायटेड हा मुंबईचा संघ कंपनीने २०१० मध्ये बंद केला. २००७ मध्ये आलेला पुणे एफसी दशक पूर्ण होण्याआधी मैदानातून गेला. भारत एफसी एका हंगामाचा पाहुणा ठरला. आयएसएलमधील एफसी पुणे सिटीची जागा २०१९ मध्ये हैदराबादला गेली. एका शहराने पाच-सहा वर्षांत तीन क्लब गमावले. मालकाचा निर्णय झाला की संघ नाहीसा. बॅरी किंवा बँगरप्रमाणे तो पुन्हा खालून उभा करण्यासाठी चाहत्यांना ना पायरी होती ना सवय.

याच्या उलट टोकाला कोल्हापूर आहे. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी, संध्यामठ. मूळच्या कुस्तीच्या तालमी आणि पेठांची मंडळे येथे फुटबॉल क्लब झाली. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या वरिष्ठ गटाच्या लीगमध्ये १६ संघ खेळतात, त्याखाली कनिष्ठ गट आहेत, चढ-उतार आहे आणि शाहू स्टेडियमवरील मोठ्या सामन्याला पेठाच्या पेठा लोटतात. या गर्दीचा हिशेब कधी हुल्लडबाजीनेही द्यावा लागतो आणि सामने थांबतात, हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही वेल्श किंवा गोवन अर्थाने ‘गावचा क्लब’ महाराष्ट्रात कोठे असेल तर तो येथे. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच. पण तो घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. आणि कोल्हापूरची लीग जिंकलेल्या तालमीला त्या विजयाच्या बळावर राष्ट्रीय श्रेणीत आपोआप प्रवेश मिळत नाही. खालच्या पायऱ्या भक्कम, वरच्या हवेत.

विदर्भात खेळ नागपूर आणि छावणीच्या कामठीने जोपासला. नागपूरच्या झोपडपट्टीतील मुलांना घेऊन विजय बारसे यांनी सुरू केलेला प्रयोग ‘झुंड’ या २०२२ च्या चित्रपटाने घरोघरी पोहोचवला. क्रिकेटमध्ये विदर्भाची स्वतंत्र संघटना आहे आणि तिने २०१७-१८, २०१८-१९ व २०२४-२५ असे तीन वेळा रणजी करंडक जिंकून स्वतंत्र असण्याचा अर्थ दाखवून दिला. फुटबॉलमध्ये मात्र गडचिरोली ते सिंधुदुर्ग सारा महाराष्ट्र १९११ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन या एकाच छत्राखाली येतो आणि संतोष करंडकासाठी एकच संघ निवडला जातो. वडशाच्या मुलाला त्या निवडीसाठी राज्याच्या दुसऱ्या टोकापर्यंतचा विचार करावा लागतो.

आता समजा, वडशातील एखाद्या मंडळाने अकरा मुले जमवली आणि वेल्सच्या कायर्नारफॉनप्रमाणे वर जायचे ठरवले. कागदावर २०२४-२५ मध्ये पायऱ्या अशा होत्या : मंडळाची नोंदणी आणि जिल्हा संघटनेचे सदस्यत्व, जिल्ह्याची लीग असल्यास ती जिंकणे, राज्य पातळीवरच्या स्पर्धेत स्थान, राज्य संघटनेच्या शिफारशीने २०२३ मध्ये सुरू झालेली आय-लीग ३, तेथून आय-लीग २, आय-लीग आणि शेवटी आयएसएल. प्रत्येक वळणावर परवान्याच्या अटी : प्रशिक्षित मार्गदर्शक, कुमार गटांचे संघ, नियमाचे मैदान, लेखापरीक्षण. धेंपोने हाच रस्ता पुन्हा धरला. २०१६ मध्ये बाहेर पडलेला हा क्लब आय-लीग २ मध्ये उतरला, २०२३-२४ मध्ये दुसऱ्या क्रमांकाने चढला आणि २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला. त्याच्या मागे अर्धशतकाचा क्लब, स्वतःची अकादमी आणि घराण्याचा पैसा होता.

वडशाच्या मंडळाला अडेल ती पहिलीच पायरी. वर्षातून एक-दोन खुल्या स्पर्धांपेक्षा दहा-बारा संघांची, चार-पाच महिने चालणारी जिल्हा लीग लागते, आणि तिला लागणारा खर्च स्टेडियमचा नसून प्रवासाचा, पंचांचा आणि दर आठवड्याला मोकळ्या मिळणाऱ्या मैदानाचा असतो. धानाची कापणी आटोपल्यावर झाडीपट्टीत मैदाने मोकळी होतात. त्याच सुमारास शंकरपट आणि नाटकांचे मंडपही पडतात. वेल्सच्या खेड्यांतही फुटबॉलचे मैदान बहुधा रग्बीवाल्यांशी वाटून घ्यावे लागले होते.